हाक मारायचा रकाना

भोरमध्ये येऊन साहेबराव ओव्हाळांचं घर विचारलंत, तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. साहेबराव कंडक्टर म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडील. तीस वर्षं या माणसानं एसटीत काढली, त्यातली एकवीस पासलीच्या मुक्कामी गाडीवर, आणि तिकिटं फाडता फाडता दोन तालुके पाठ केले. कोण कुठं चढली, कुणाकडं उतरली, हसत उतरली की डोळे पुसत, सगळं डोक्यात. एखादी नवी नवरी सासरी जाताना खिडकीकडं तोंड करून मुसमुसत बसली, की हा मुद्दाम मोटारभर ऐकू जाईल असं विचारायचा, "ताई, एक फुल देऊ का रडणाऱ्याला हाफ लावू?" नवरी पदराआड हसायची. सगळे त्याला तात्या म्हणत, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे म्हातारेसुद्धा.

असलं डोकं घेऊन रिटायर झाल्यावर माणसानं करायचं काय? तात्यानं घराच्या पुढच्या खोलीत बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी वधू-वर सूचक केंद्र काढलं. केंद्र म्हणजे दोन खुर्च्या, एक पाटी आणि एक जाडजूड वही. फी म्हणाल तर लग्नाच्या जेवणाचं आमंत्रण, तेही बायकोला चंद्राबाईला धरून.

वहीत नाव, शिक्षण, उंची हे सगळं होतंच, पण खरा जीव होता नातेसंबंधांत. आपल्याकडं पोरगा काय कमावतो हे मागाहून विचारतात. आधी विचारतात, कुणाचा तू? मामा कुठला? आत्या कुठं दिली? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्याला देता आली त्याच्यासाठी आत चहा टाकला जातो. ज्याला देता आली नाहीत तो कलेक्टर का असेना, उंबऱ्याबाहेर उभा राहतो. तात्याच्या वहीत तीनशेवर घरांची ही उत्तरं लिहिलेली होती.

तीनशे घरांत एक घर मात्र त्याच्या काळजाशी होतं. पासलीचा रखमाजी अकरा वर्षं त्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गेला तेव्हा त्याचं डोकं तात्याच्याच मांडीवर होतं, आणि शेवटचं बोलला ते एवढंच, "सारीचं तेवढं बघ." सारी म्हणजे सारिका, त्याची एकुलती लेक. तिची आई भामाबाई तात्याच्याच गावची, म्हणून बहीण. तिला तो भामे म्हणायचा आणि फोन केला की थट्टेशिवाय सुरुवात करायचा नाही. सारिका बारावी झाली, गावच्या अंगणवाडीत लागली, वीस वर्षांची झाली. तात्यानं तिच्यासाठी चार स्थळं पाहिली आणि चारही स्वतःच नापास केली. एकाचा बाप पितो, दुसऱ्याच्या घरी सून टिकत नाही, हे त्याला मोटारीतच कळलेलं. ही पोर चांगल्या घरी गेली की मग आपण डोळे मिटायला मोकळे, असं तो चंद्राबाईला म्हणायचा, आणि ती त्याला झापायची.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. तात्याचे गुडघे बोलायला लागले होते. वही फाटत आली होती, आणि लोकांना आता छापील बायोडाटा पाहिजे होता, फोटोसकट. तात्या गेला स्टँडसमोरच्या हाशिमकडं. हाशिमचा सायबर कॅफे होता, तिथंच तो लग्नपत्रिका आणि फ्लेक्सही करून द्यायचा. करून द्यायचा म्हणजे काय, तर स्वतः फक्त गिऱ्हाईक घ्यायचा.

"इंटरनेटवर बाजार भरतो, तात्या," हाशिम म्हणाला. "आपण काम लिहायचं, ज्याला करायचंय तो हात वर करतो. माझ्या पत्रिका करणारा पोरगा कुठं बसतो मला ठावं न्हाई. तीन वर्षं झाली, अजून त्याचं थोबाड बघितलं न्हाई म्या."

"मंग त्यानं काशी केली तर धरायचा कुठं त्याला?"

"धरायचा कशाला? काम करतोय न्हवं?"

तात्याला हे पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. हाशिमनं कॉम्प्युटरवर काम टाकलं: मराठी वहीचा तक्ता करून देणे, बायोडाटा बनवणे. दोन दिवसांत सात-आठ जणांनी हात वर केला. त्यातल्या एकाच्या निरोपाची सुरुवातच 'जय भीम काका' अशी होती. नाव सम्राट. बाकीच्यांनी काय लिहिलंय हे तात्यानं वाचूसुद्धा दिलं नाही.

तात्याचं अक्षर म्हणजे चालत्या मोटारीत काढलेलं अक्षर. वहीची पानं फोटो काढून पाठवली तर सम्राटला एक ओळ लागेना. मग ठरलं, रोज दुपारी तीनला त्यानं फोन करायचा आणि तात्यानं वाचून दाखवायचं. तात्या गुडघ्याला शेक घेत पलंगावर पडायचा आणि बोलत सुटायचा. नाव सांगून थांबणार थोडाच? या बाईचा सासरा कसा तिरसट होता, तिचा भाऊ नसरापूरला कसा उतरायचा, कुणाला काय म्हटलं की राग येतो. पोरगा पलीकडून "हं तात्या, हं तात्या" करायचा आणि योग्य जागी हसायचा. चंद्राबाई कुरकुरायची, "पोटच्या पोरीला कधी इतका येळ फोन केला न्हाई."

पहिल्याच आठवड्यात तात्यानं त्याला विचारलं होतं, "पण तू कुणाचा रं?"

"सांगतो तात्या, लाईन तुटतीय," सम्राट म्हणाला. चार दिवसांनी त्यानं आपणहून सांगितलं. वेल्ह्याचे मानसिंग भालेराव त्याचे सख्खे मामा. तात्या पलंगावर उठून बसला. मानसिंग! अरे, त्याला तर मी लहानपणापासून ओळखतो. आता हा परका राहिलाच कुठं? त्या दिवसापासून तात्या त्याला भाचा म्हणायला लागला.

काम झकास होत होतं, खोटं कशाला बोला. हाशिमनं तक्ता छापून हातात दिला तेव्हा तात्या तो चार वेळा उलटसुलट करून बघत बसला. रेघा कशा सरळ, नावं कशी ओळीनं. मग सम्राटनं नवे रकाने वाढवले. घरात शब्द कुणाचा चालतो. फोन करायला बरी वेळ कोणती, पुरुषमाणसं घरी कधी असतात, कधी नसतात. आणि सगळ्यात शेवटी: हाक काय मारता.

हाशिमच्या कपाळाला आठी पडली. "तात्या, ह्यो रकाना कशाला पायजे त्याला?"

तात्यानं विचारलं, तर सम्राटचं उत्तर तयार. डिसेंबरात मेळावा घ्यायचाय, तीनशे घरांना फोन करायचेत, तुमचे गुडघे असले, तुमचा घसा बसायचा. मी करतो फोन. पण परक्यासारखं 'नमस्कार, केंद्रातून बोलतोय' म्हटलं तर कोण येणार? तुम्ही जशी हाक मारता तशी मारली पाहिजे.

यात चूक काय होतं, सांगा. मेळावा भरवायचा तर आपुलकीनं बोलावलंच पाहिजे. तात्यानं तो रकाना मोठ्या हौसेनं भरला. कुणी ताई, कुणी काकू, कुणी पैलवान, कुणी नुसतीच 'ए बाय'. सम्राटनं एकदा फोनवर नक्कल करून दाखवली, "बोला, कुठं उतरायचंय?" तात्या हसून हसून खोकला.

"तुमच्याच नावानं बोलू का तात्या? नवा माणूस म्हटलं की सगळे खोदून खोदून विचारत बसतात."

"बोल की. नाव काय झिजतंय व्हय माझं?"

मेळाव्याला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वेल्ह्याच्या डोंगरातनं दोन जीप भरून माणसं आली. बाया येऊन सांगायच्या, "तात्या, काय बोलता वो फोनवर. पोट दुखलं हसून." त्यांतला एकही फोन तात्यानं केलेला नव्हता. त्यानं तसं कुणाला सांगितलंही नाही. नुसता मान डोलावत राहिला, आणि हे त्याला पुढं फार लागलं.

जानेवारीत एका शुक्रवारी तो शिवऱ्याला गेला. सखूबाईची तिथं हायवेला चहाची टपरी. तिच्या थोरल्या मुलीचं नाव वहीत होतं. तात्या बाकड्यावर टेकतोय न टेकतोय तोच ती म्हणाली, "तुमचा नवा नंबर कवाकवा लागत न्हाई बगा."

"कुठला नवा?"

"आता! तुमीच तर दिला. जुना बंद झालाय म्हनला." तिनं गाळणी उलटी केली. "आनि येक इचारू का? राग न्हाई ना येनार? सारखं काय इचारता, धनी कवा असत्यात, पोरीचा भाऊ कुठं असतुया? परवा तर म्हनला, तिचा येकटीचा फोटू पाठवा आनि घरात इतक्यात बोलू नका. म्या गप बसले. म्हनलं तात्या सांगत्यात तर काय तरी आसंल."

तात्याच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यानं खाली ठेवला, नीट, सांडणार नाही असा. "नंबर सांग," तो म्हणाला, आणि सखूबाईनं सांगितलेला नंबर त्यानं पेनानं तळहातावर लिहून घेतला.

शिवऱ्याहून तो थेट भोरला आला. हाशिमच्या दुकानात शिरला आणि तळहात पुढं केला. "तुझ्या फोनवरनं लाव."

हाशिमनं नंबर लावून फोन त्याच्या कानाशी दिला. दोनदा रिंग झाली.

"बोला, साहेबराव कंडक्टर बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. "कुठं उतरायचंय?"

तेच हेल. शेवटच्या शब्दावर तोच झोका. मध्ये तात्या खोकायचा तसा जरासा खोकलाही. ओव्हाळांचा साहेबराव हाशिमच्या दुकानात उभा होता. आपण कोण म्हणून सांगायचं, हेच त्याला सुचेना.

"हॅलो? कोण बोलतंय? गाव कुठलं?" पलीकडून विचारणा झाली. मग फोन ठेवला गेला. हाशिमनं पुन्हा लावला तर बंद, आणि सम्राट रोज दुपारी ज्यावरनं बोलायचा तो नंबरही बंद.

हाशिमनं कॉम्प्युटर उघडला. सम्राटचं खातं तिथून गेलं होतं. काम दिलं-घेतलं ते पान होतं, पण माणसाच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. हाशिमनं तोंडावर हात फिरवला. "तात्या, म्या घातला ह्यो माणूस तुमच्या गळ्यात," तो म्हणाला. तात्यानं तिकडं लक्षच दिलं नाही. तो स्वतःच्या मोबाईलवर वेल्ह्याच्या मानसिंगला लावत होता.

"भाचा?" मानसिंग म्हणाला. "तात्या, मला बहीनच न्हाई. तुमालाच ठावं हाय की. वहीत लिवून घेतलं व्हतं तुमी."

तेव्हा तात्याला आठवलं. सम्राटनं मामाचं नाव सांगितलं, त्याच्या दोन दिवस आधी मानसिंगच्या पोरीचं पान आपण त्याला वाचून दाखवलं होतं. आपणच फाडलेलं तिकीट त्यानं आपल्याला दाखवलं आणि आपण ते बघून त्याला आत घेतलं. तात्याला स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्यानं तिथंच टेबलावर मूठ आपटली.

मग त्याला सारिका आठवली, आणि त्यानं लगेच भामाबाईचा नंबर लावला.

पासलीत भामाबाईच्या घरात रेंज एकाच खिडकीत यायची. मोबाईल तिथंच ठेवलेला असे. चार वाजले होते. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि एकदाची भामाबाई बोलली. मागं बायकांचा गलका होता.

"हॅलो, कोन? पनवेलचं पावनं का? रविवारची समदी तयारी झालीया बगा. साखरपुड्यातच लगीन उरकायचं म्हनल्यावर जास्ती काय लागतंय? माज्या भावानं मांडव घातलाय."

तात्यानं डोळे मिटले. त्यानं काय केलं ते नीट ऐका, कारण सगळा घात तिथं झाला. नेहमीसारखं 'भामे' म्हणून सुरुवात केली तर ही बया थट्टाच समजणार, हसणार आणि ऐकून घेणार नाही, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं मुद्दाम आवाज जड केला. कोर्टात उभा राहिल्यासारखा बोलला.

"भामाबाई, मी साहेबराव बोलतोय. साहेबराव ओव्हाळ. नीट ऐका, भामाबाई. ते लग्न थांबवा. ते स्थळ मी पाठवलेलं नाही. ती माणसं कोण आहेत मला माहीत नाही."

पलीकडचा गलका तसाच चालू होता.

"भामाबाई, ऐकताय ना? सारिकाला त्यांच्याबरोबर पाठवू नका. मी उद्या..."

फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. दहा वेळा लावला, पंधरा वेळा लावला. रेंज गेली असंल, हाशिम म्हणाला. पण ऐकलं तर होतं तिनं. एवढं स्पष्ट सांगितल्यावर कुठली आई पोरीला पाठवील? आणि रविवारला अजून अख्खा शनिवार मध्ये होता. हाशिम म्हणाला, मोटारसायकलवर घेऊन जातो आत्ताच्या आत्ता. तात्यानं गुडघ्याकडं बघितलं, घाटाचा रस्ता आठवला, आणि म्हणाला सकाळच्या पहिल्या गाडीनं जातो. संध्याकाळभर दोघं वहीतले नंबर लावत बसले. ज्या घरी लागला त्या घरी तात्या एकच सांगत होता, माझ्या नावानं फोन आला तर ऐकू नका. माणसं 'बरं बरं' म्हणत होती. एकीनं तर विचारलं, "मंग ह्यो तरी तुमचाच का?"

सकाळच्या गाडीवर नवा कंडक्टर होता. त्यानं तात्याला ओळखलं नाही, तिकीट फाडून दिलं आणि पुढं गेला. तात्या खिडकीशी बसून सारखा मोबाईल बघत होता. वेल्ह्याला उतरला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुढं वडापची जीप, आणि ती भरल्याशिवाय हलणार नाही. तात्यानं ड्रायव्हरला विनवलं, मग शिव्या दिल्या, मग रिकाम्या जागांचे पैसे मी देतो म्हणाला, तेव्हा कुठं ती सुटली.

पासलीच्या अलीकडं एका वळणावर समोरून पांढरी सुमो आली. रस्ता इतका अरुंद की एकाला कडेला घ्यावीच लागते. ड्रायव्हरनं जीप गवतात घातली. तात्या मागून ओरडत होता, "आरं, घे की फुडं, त्यांनी घेतली आसती कडंला." सुमोच्या काचा काळ्या होत्या. ती धूळ उडवत निघून गेली आणि जीप पुन्हा रस्त्यावर आली.

भामाबाईच्या दारात मांडव होता. मांडवात चार बाया पत्रावळी गोळा करत होत्या. तात्याला बघून भामाबाई आतून लगबगीनं आली. अंगावर नवी पांढरी साडी, डोळे रडून सुजलेले, आणि तोंडावर हसू. मागून तिचा भाऊ चिमाजी खुर्ची घेऊन आला.

"आलाच का शेवटाला? म्हनला व्हता न्हवं, गुडघ्यापायी जमायचं न्हाई. बसा, बसा. चिमाजी, पानी आन."

"सारी कुठाय?" तात्या म्हणाला.

"आवो, आत्ता गेली. तुमाला वाटंत गाठ पडली आसंल की. पांढरी गाडी."

तात्या खुर्चीवर बसला नाही, पडला. चिमाजीनं पाणी पुढं केलं, ते त्यानं घेतलं नाही. "रविवारी होतं ना? उद्या?"

"उद्याच व्हतं. तुमीच तर काल म्हनला, आजच उरका." भामाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. दोन दिवसांच्या जागरणानं तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं. "बरं झालं वो तुमी फोन केला. न्हाईतर म्या फसले असते. काल चार वाजता येकाचा फोन आला. म्हनतोय, म्या साहेबराव. लगीन थांबवा, पावनं खोटं हायीत, म्या पाठवलंच न्हाई. तुमच्यावानीच आवाज काढीत व्हता मेला. पन म्या काय येडी हाय का? भामाबाई, भामाबाई करत व्हता. उभ्या जन्मात तुमी मला बाई म्हनलाय का? आनि वर म्हनतोय साहेबराव ओव्हाळ. तवाच वळखलं म्या, ह्यो तात्या न्हवं. फोन बंद करून टाकला."

"मंग?"

"मंग इचार केला, तुमाला सांगावं. म्हनून परत चालू केला, तर तुमचाच आला की. म्हनला, भामे, तिकीट काडलंस का न्हाई? मला असं बरं वाटलं. म्या समदं सांगितलं. तुमी म्हनला, कुनी तरी काडी घालतंय, पोरीचं चांगलं बघवत न्हाई लोकास्नी. रविवारपातूर थांबू नका, सकाळच्या पारी लावून द्या, म्या पावन्यांना कळवतो. पाव्हनं उजाडायलाच हजर. चिमाजी बौद्धाचार्यांना घेऊन आला, सातला लागलं लगीन. सारी म्हनत व्हती, तात्या आल्याबिगर न्हाई. म्या तिला रागं भरले. म्हनलं तात्यांनीच सांगितलंय."

तात्याच्या तोंडाकडं बघून चिमाजीनं खिशातनं मोबाईल काढला आणि न विचारताच सारिकाचा नंबर लावला. कानाला लावून थांबला, खाली घेतला, परत लावला. मग पाव्हण्यांनी दिलेला नंबर लावला. तोही बंद.

"तात्या," भामाबाई म्हणाली. हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "कोन व्हता वो त्यो, पयला?"

"त्यो म्याच व्हतो, भामे."

"चेष्टा करू नका."

"म्या व्हतो. भोरला, हाशिमच्या दुकानातनं बोलत व्हतो. तुला खरं वाटावं म्हनून बाई म्हनलो."

भामाबाईनं चिमाजीकडं बघितलं. चिमाजी मोबाईल हातात धरून तसाच उभा होता. तिनं तात्याचा हात धरला, घट्ट, आणि लहान पोराला विचारावं तसं सावकाश विचारलं, "मंग मागनं बोलला त्यो कोन? कुनाचा? गाव कुठलं त्याचं?"

दोन तालुक्यांतल्या कुठल्याही माणसाचं नाव सांगा, तात्या त्याचा मामा सांगायचा, आत्या सांगायचा, कुठल्या थांब्यावर उतरतो ते सांगायचा.

"ठावं न्हाई," तो म्हणाला.